टॉवेलाखालची प्रार्थना

माझी एक अडचण आहे. मी खरं बोलायला लागलो की लोक खुर्ची पुढं ओढतात आणि चहा मागवतात.

सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. सांगली–आटपाडी हा माझा मार्ग. त्या लांबलचक, रखरखीत वाटेवर प्रवाशांच्या करमणुकीला मी एकटाच, त्यामुळं बोलण्याला थोडं मीठ-मसाला लावायची सवय जडली. महापुरात मी रिकाम्या गॅस सिलिंडरवर बसून पेठेतून वाहत बाहेर आलो आणि समोरून येणाऱ्या म्हशीला डाव्या हातानं वळणाचा इशारा दिला, ही हकिगत आमच्या माधवनगरात अजून सांगितली जाते. त्यातली म्हैस खरी होती. बाकीचं तुम्ही ठरवा.

अशा माणसावर देवाची साक्ष द्यायची वेळ आली. त्याचं असं झालं.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी हंगामाचा सण असतो. ज्याच्या शेतात, परसात, खुराड्यात जे काही पिकलं असेल ते वेदीपुढं आणून ठेवायचं आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव करायचा. भोपळा, गूळ, कोंबडी, एखादा भलताच लांब पडवळ. यंदा आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड देवदान, म्हणाले की भोपळ्याबरोबर प्रत्येकानं एक साक्षही आणावी. तरुण माणूस, बोलतात मऊ. म्हणाले, "प्रवचन ठोकू नका, पत्रकं वाटू नका, कुणाला ओढून आणू नका. देवानं तुमच्यासाठी काय केलं ते तुमच्या ओळखीच्या एका माणसाला रोजच्या बोलण्यात सांगा. एकालाच. आणि सणाच्या दिवशी उभं राहून एवढंच सांगा, की मी अमक्याशी बोललो. कोण तयार आहे?"

नेमका त्याच वेळी मी हात वर केला होता. डोक्यावरचा पंखा कमी करावा म्हणून. दमा नाही, पण टकलाला वारा सोसत नाही.

"शाब्बास, याकोबतात्या," पाळकसाहेब म्हणाले, आणि सगळी मंडळी मागं वळून माझ्याकडं बघायला लागली. त्या बघण्यात कौतुक नव्हतं. सर्कशीत हत्ती स्टुलावर चढणार म्हटल्यावर लोक बघतात, तसं बघणं होतं.

घरी येईपर्यंत माझी बायको मार्था काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याला मी फार मानतो, कारण ते वाया जात नाही. चपला काढताना ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मी तुमच्या गोष्टी ऐकल्या. सिलिंडरची ऐकली, कोयनेच्या मगरीची ऐकली. कधी तोंड उघडलं?"

"नाही."

"पण देवळात उभं राहून तुम्ही थाप मारलीत, तर मी बायकांच्या बाकावरून उठेन आणि सगळ्यांसमोर सांगेन. एवढं लक्षात ठेवा."

मार्था कधी धमकी देत नाही. काय होणार तेवढं आधी कळवते. म्हणजे आता मला खरोखरच कुणाशी तरी बोलणं भाग होतं. आणि खरी गोष्ट अशी, की प्रभूवर माझा विश्वास आहे, लहानपणापासून आहे, पण तो मी बनियनसारखा वापरतो. रोज अंगात असतो, चारचौघांत दाखवायचा नसतो.

पहिला प्रयोग शेजारच्या शरच्चंद्ररावांवर केला. हे बँकेतून निवृत्त झालेले. सल्ला देणं हा त्यांचा पेन्शनीनंतरचा धंदा, आणि तो ते फुकट करतात. संध्याकाळी कट्ट्यावर बसल्यावर मी विषय काढला. म्हटलं, एकदा घाटात गाडी चालली असताना दरडीवरून दगड सुटला, मी नुसतं "प्रभू" म्हणालो आणि दगड गाडीच्या दारापाशी येऊन थांबला. ही माझ्या आयुष्यातली खरी गोष्ट आहे. शपथेवर.

शरच्चंद्ररावांनी खुर्ची पुढं ओढली. "दगड केवढा होता?"

"असेल टेम्पोएवढा."

"मागच्या दिवाळीत तो म्हशीएवढा होता. त्याच्या आधी पाट्याएवढा. तात्या, हा दगड खाऊन-पिऊन सुखी दिसतोय."

मी विषय चहाकडं वळवला. कारण त्या दगडाचं मूळ माप काय होतं, हे आता माझ्याही ध्यानात नव्हतं. देवानं केलेला चमत्कार मीच इतक्यांदा पॉलिश केला, की त्यातला देव दिसेनासा झाला आणि दगड तेवढा चकाकायला लागला.

शरच्चंद्ररावांना मात्र माझी दया आली. त्यांनी सल्ला दिला, की दिवस नाजूक आहेत, धर्माचं काही बोलायचं तर परवानगी काढून ठेवलेली बरी. त्यांच्या पत्नी गोदावरीवहिनी आतून म्हणाल्या, "दोन माणसांच्या गप्पांना कसली परवानगी?" तेव्हा ते म्हणाले, की कागद असला म्हणजे झोप लागते. मीही भित्रा. दुसऱ्या दिवशी एका कचेरीत गेलो. कोणती ते सांगत नाही. तिथल्या साहेबांनी विचारलं, मंडप किती बाय किती? म्हटलं, मंडप नाही. लाऊडस्पीकर? नाही. मिरवणूक? नाही, एका ओळखीच्या माणसाशी बोलायचं आहे. ते चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, एका माणसासाठी आमच्याकडं रकानाच नाही, निदान पन्नासेक तरी जमवा. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटलं. पन्नास माणसं माझं ऐकत असती तर मी परवानगी काढायला कशाला गेलो असतो?

तिसरा प्रयोग तासगावच्या गाडीत. शेजारी शालूबाई नावाच्या एक बाई बसल्या होत्या. बेदाण्याच्या शेडवर निवडकाम करायच्या, मांडीवर डबा. डब्यावरून मला पाच भाकरी आणि दोन मासे आठवले. म्हटलं, बाई, आमच्या प्रभूनं पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवू घातली. बाईंनी डोळे मोठे केले. इथं थांबलो असतो तर साक्ष झाली असती. पण ऐकणाऱ्याचे डोळे मोठे झाले की माझी जीभ माझ्या हाताबाहेर जाते. मी सांगून गेलो, की भाकरी बाजरीच्या होत्या, मासे कृष्णेच्या काठच्यासारखे झणझणीत केले होते आणि सोबत ठेचा होता. बाईंनी विचारलं, ठेच्यात लसूण किती घातला होता? उतरेपर्यंत आम्ही ठेच्यावरच बोलत होतो. शुभवर्तमानात ठेचा घालणारा मी पहिलाच माणूस असेन. घरी हे सांगितल्यावर मार्था नुसती हसली आणि म्हणाली, लसणाचं काय सांगितलंत?

सण तोंडावर आला. तेव्हा मला बिरदेव आठवला.

बिरदेव म्हणजे आटपाडीकडचा मेंढपाळ. मी त्या मार्गावर होतो तेव्हापासूनची ओळख. टोपलीत कोकरू घेऊन गाडीत चढायचा, कोकराचं तिकीट मागायच्या आधीच काढायचा आणि सबंध प्रवासात चार शब्द बोलायचा. माझ्या गोष्टी सगळ्या ऐकायचा, पण कधी हसला नाही आणि कधी खोट्याही म्हणाला नाही. मला त्याची थोडी भीतीच वाटायची. शनिवारी आटपाडीला शेळ्या-मेंढ्यांचा बाजार भरतो, तिथं तो हमखास असणार. मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि गाडी पकडली.

बिरदेव बाभळीखाली उभा होता. जवळ त्याचा मेंढा, हैबत. माडग्याळी जात, पोपटासारखं बाकदार नाक, आणि चाल अशी की बाजूनं जाणारा माणूस आपोआप वाट देई. भोवती व्यापारी घिरट्या घालत होते. बिरदेव सगळ्यांना एकच सांगत होता, "इकायचा न्हाई. हिंडवून आनलाय." कंडक्टरला सगळे मास्तर म्हणतात, तसं मला बघून म्हणाला, "मास्तर, हिकडं कुठं?"

मी म्हटलं, तुझ्याकडंच. घरचं कसं काय?

तो मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "हरणाला बरं न्हाई. पोटात गाठ हाय म्हंत्यात. सांगलीला नेऊन आपरेशन करायचं." एवढं बोलून तो पुन्हा व्यापाऱ्यांना नाही म्हणायला लागला.

हरणाबाई म्हणजे त्याची बायको. तिच्या हातची भाकरी मी कितीदा खाल्ली असेल. पाठ करून आणलेली साक्ष माझ्या डोक्यातून गेली. दगड गेला, भाकरी-मासे गेले. मी म्हटलं, "बिरदेव, मी तिच्यासाठी प्रार्थना करू का? आत्ता?"

तो म्हणाला, "करा की."

आता इथं माझी चूक कशी झाली ते नीट सांगतो, कारण नंतर लोकांनी तिला वेगवेगळी नावं दिली. आमच्यात दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याचा हात हातात घेतात. मी घेतला. पण भर बाजारात, शंभर माणसांत, दोन म्हातारे हात धरून डोळे मिटून उभे, हे मला लाजिरवाणं वाटलं. म्हणून मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आमच्या हातांवर टाकला. शिवाय मला आईनं शिकवलेली सवय, की देवाजवळ मागणं विसरू नये म्हणून एकेका मागण्याला एकेक बोट दाबायचं. अंगठा दाबून हरणाबाईचं नाव घेतलं. पुढच्या बोटाला डॉक्टर. मधल्या बोटाला बिरदेवाचा धीर. बोटं संपली, मागणं संपेना, तेव्हा पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. डोळ्यांत पाणी आलं म्हणून जरा जोरातच दाबली.

जनावरांच्या बाजारात टॉवेलाखाली हात घालून बोटं दाबणं याचा अर्थ एकच असतो, हे मी त्या मार्गावर सगळी नोकरी काढूनही त्या क्षणी विसरलो. घेणारा बोटं दाबतो, त्यावरून देणाऱ्याला भाव कळतो, बाकी कुणाला काही कळत नाही. दोघांत भाव ठरला की टॉवेल काढायचा. सौदा पक्का. मोडला तर बाजारात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

"आमेन," असं म्हणून मी टॉवेल काढला आणि डोळे उघडले. भोवती माणसांचं कडं होतं. कुणीतरी हैबतीच्या पाठीवर गुलाल टाकला. एक पागोटेवाला दुसऱ्याला सांगत होता, "लय टाइम दाबत हुता म्हातारा. आकडा मोठा आसनार." कुणी माझ्या हातात कासरा दिला. मी बिरदेवाकडं बघितलं. वाटलं, आता हा सांगेल काय ते. एका व्यापाऱ्यानं त्याला विचारलंही, "कितीला गेला रं?"

बिरदेव म्हणाला, "ठरलं आमच्यात." आणि मला म्हणाला, "मास्तर, न्या."

बोलायला मी कधी कमी पडलो नाही. त्या दिवशी पडलो. खिशात होतं नव्हतं ते विसार म्हणून त्याच्या हातावर ठेवलं आणि मेंढा घेऊन निघालो.

येताना टेम्पोत मी आणि हैबत समोरासमोर. मी बोटांचा हिशेब लावत होतो. हरणाबाईसाठी अंगठा किती वेळा दाबला? डॉक्टरांचं बोट दोनदा झालं का तीनदा? ज्या ज्या वेळी मला प्रार्थनेत कळवळा आला होता, त्या त्या वेळी भाव वाढला होता. मी इतका भाविक आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं.

मार्थानं दार उघडलं. तिनं मेंढ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. दोघांतलं आत कुणाला घ्यायचं, असा विचार तिच्या तोंडावर स्पष्ट होता. सगळं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "म्हणजे बिरदेवला साक्ष दिलीत का नाही?"

"वेळच नाही मिळाला. मी प्रार्थना करत होतो."

त्यानंतरच्या दिवसांत माधवनगरात मला फार सल्ले मिळाले. कुणी म्हणालं, शर्यतीत उतरवा. कुणी म्हणालं, याला खजूर लागतो. नानासो गवळी येऊन दात बघून गेला आणि मला म्हणाला, "तात्या, ह्यो तुमच्यापेक्षा तरना हाय." हैबतीनं गोदावरीवहिनींचा मोगरा खाल्ला, शरच्चंद्ररावांचा 'प्रवेश बंद' लिहिलेला पुठ्ठा खाल्ला आणि त्यांचं टेबलही ढकललं. बिरदेवाचा फोन बंद. मी आयुष्यभर लोकांना गंडवलं असं कुणी म्हणेल, पण गंडवलं ते गोष्टीत. इथं मी एका आजारी बाईच्या घरातला मेंढा नकळत उचलून आणला होता, आणि तोही प्रार्थना करून.

सणाचा रविवार उजाडला. हैबतीला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्याला देवळाच्या अंगणात लिंबाला बांधलं. वेदीपुढं भोपळे मांडले होते. एकेकजण उठून सांगत होता. कुणी दूधवाल्याशी बोललं होतं, कुणी व्याह्यांशी. माझं नाव आलं तसा मी उठलो आणि सहज दाराकडं बघितलं.

शेवटच्या बाकावर शरच्चंद्रराव बसले होते आणि त्यांच्या शेजारी पागोटं मांडीवर घेऊन बिरदेव. आमच्या घराला कुलूप बघून त्यानं शेजारी विचारलं असणार, आणि शरच्चंद्रराव वाट दाखवायला आले ते बसूनच राहिले.

तुम्हाला सांगतो, माझ्यासारख्याच्या आयुष्यात अशी संधी पुन्हा येत नाही. आटपाडीचा मेंढपाळ, देवळात, स्वतःच्या पायांनी आलेला. नुसतं बोट दाखवून म्हटलं असतं, की ही माझी साक्ष, तर वर्षभर माझं नाव निघालं असतं. गोष्ट आपोआप जिभेवर जमायला लागली. तिला मेंढ्यासकट शेवटही होता. मग माझी नजर बायकांच्या बाकाकडं गेली. मार्थानं पदर खोचला होता. उठायच्या तयारीत.

मी म्हटलं, "मी कुणाशीही बोललो नाही."

आणि सगळं सांगितलं. दगड, ठेचा, रकाना, टॉवेल. टॉवेल लाजेनं टाकला, हेही सांगितलं. देवाचं नाव घेताना लोकांनी बघू नये म्हणून मी हात झाकले, आणि त्यात माझ्या मित्राचा मेंढा आला.

मंडळी हसली. आधी तोंडाला रुमाल लावून, मग उघड. पाळकसाहेबांनी तोंडापुढं गीतांचं पुस्तक धरलं. पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "तात्या, सिलिंडरपेक्षा ही भारी." म्हणजे बघा, जन्मात एकदा देवळात उभं राहून निखळ खरं बोललो, आणि ती माझी सगळ्यांत गाजलेली थाप ठरली. मी मार्थाकडं बघितलं. ती हसत नव्हती. आणि उठलीही नव्हती. पदर सोडून बसली होती.

तेवढ्यात मागून आवाज आला. "खरं हाय त्ये."

बिरदेव उभा राहिला होता. एवढ्या लोकांसमोर तो कधी बोलला नसेल. पागोट्याशी चाळा करत म्हणाला, "म्या बोटं मोजत न्हवतो. मला ठावं हुतं सौदा न्हाई त्ये. ह्ये मास्तर डोळं मिटून माज्या हरणाचं नाव घेत हुतं. बाजारात मेंढ्याचं नाव समदी घेत्यात. हरणाचं कुनी घेत न्हाई." त्यानं पागोटं काखेत घेतलं. "मग मानसं जमली. म्या म्हनलो आस्तो, सौदा न्हाई, द्येवाचं चाललंय, तर मास्तरला समदी हासली आस्ती. म्हनून म्हनलं, न्या मेंढा."

देवळात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मला आयुष्यात पहिल्यांदाच तो कमी करावासा वाटला नाही.

"आनी दुसरं म्हंजे," बिरदेव म्हणाला, "हरणाला त्याच रातीपास्नं ताप. हिकडं दवाखान्यात आनून ठिवलीया. घरी जित्राबाकडं बघायला कोन न्हवतं. हैबतीची तुमच्याकडं सोय झाली, त्ये बरं झालं. म्या काय तुमच्यात यायाचो न्हाई, माजा द्येव माज्यापाशी हाय. पर ह्यो मानूस खोटं बोलला न्हाई."

पाळकसाहेबांनी पुस्तक खाली ठेवलं. मग पुढचं नाव घेतलं.

उपासना संपल्यावर अंगणात लिलाव सुरू झाला आणि आम्ही लिंबाखाली गेलो. मी म्हटलं, "बिरदेव, तुझा मेंढा तू घेऊन जा, माझी चूक झाली." तो मान हलवायला लागला. विकलेलं जनावर तसंच माघारी न्यायचं नसतं म्हणे, बाजाराची रीत मोडते. पुन्हा सौदा करायला पाहिजे. या खेपेला देणारा मी आणि घेणारा तो. त्यानं स्वतःचा टॉवेल काढून आमच्या हातांवर टाकला. शरच्चंद्ररावांनी हौसेनं कासरा धरला होता, आणि हैबत त्यांना ओढत भोपळ्यांच्या दिशेनं घेऊन चालला होता.

मी डोळे सताड उघडे ठेवले होते. एकदा ठेच लागली ती पुरे. पण बिरदेवाची बोटं हलेनात.

"मास्तर," तो हळू म्हणाला, "उद्या सकाळी आपरेशनला आत नेत्यात तिला. त्या दिशी म्हनला तसं म्हना की पुन्यांदा."

मी डोळे मिटले. त्या दिवशी काय काय म्हणालो होतो ते आठवून बघितलं, एकही वाक्य येईना. माझ्यासारख्या माणसाला शब्द सापडेना, आणि मसाला तर नाहीच. "प्रभू, हरणाबाई," एवढंच आलं. पुन्हा तेच म्हटलं. तेवढ्यात अंगठ्यावर दाब आला. तो मी दिलेला नव्हता.

आमेन कुणी म्हणायचं ते ठरलं नव्हतं, त्यामुळं जरा वेळ गेला. मग बिरदेवानं टॉवेल उचलला. खाली तीन हात होते. तिसरा मार्थाचा. कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

हरणाबाई बरी होऊन आटपाडीला गेली. जाताना आमच्याकडं भाकरी खाऊन गेली आणि मार्थाला म्हणाली, ठेच्यात लसूण कमी हाय. परवा कट्ट्यावर शरच्चंद्ररावांनी विचारलं, की मेंढा शेवटी कितीला परत गेला? मी म्हटलं, टॉवेलाखालचं सांगायची पद्धत नाही, पण हात मात्र तीन निघाले. ते म्हणाले, "तात्या, तुमचं एक सोडून सगळं पटलं बघा. तो तिसरा हात मात्र तुमच्या पदरचा."

मी आत चहा सांगितला. खुर्ची त्यांनी आधीच पुढं ओढली होती.